आधी एक भागिले टी

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा वाचला. फिरत्या कृष्णविवराची स्थिरता, वर वस्तुमान असलेलं क्षेत्र, आणि हे सगळं पहिल्याच वर्षात! हौस दांडगी आहे. पण आठ पानांत एक भागिले टी (टी म्हणजे काळ) एकदाही आलेला नाही, आणि या विषयात घोडं तिथेच पेंड खातं.

तीन मितींत तरंग काळानुसार साधारण एक भागिले टी इतका ओसरतो. समीकरणात विकलजांचं, म्हणजे बदलाच्या दरांचं, वर्गपद आलं की ऊर्जेच्या अंदाजात या एक भागिले टीचंच संकलन बसतं आणि ते लॉगरिदमच्या चालीनं वाढतच राहतं. फ्रिट्झ जॉन यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की अशा काही समीकरणांची उत्तरं कितीही लहान सुरुवातीपासून मर्यादित वेळात फुटतात, म्हणजे पुढे टिकतच नाहीत.

एक कागद घे. बाहेर जाणारी लाट मांड: एफ (टी वजा आर), भागिले आर; आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, एफ म्हणजे लाटेचा आकार. तिच्या टी-विकलजाच्या वर्गातून आर-विकलजाचा वर्ग वजा कर. छेदात आर-वर्ग असलेली पदं एकमेकांना खाऊन टाकतात; उरतं ते आर-घनापासून पुढचं. घातक पदं अशी आपोआप कटावीत, ही क्लेनरमन यांची अट; त्यांच्या ‘नल कंडिशन’चं मर्म एवढंच.

आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं हार्मोनिक निर्देशकांत (म्हणजे प्रत्येक निर्देशक स्वतःच तरंगसमीकरण पाळतो अशा) ही अट पाळत नाहीत. याच निर्देशकांत श्योके-ब्रुआ यांनी १९५२ मध्ये थोड्या काळापुरतं उत्तर असतं हे सिद्ध केलं होतं. रिकामा, सपाट मिन्कोव्स्की अवकाशकाळ कायमचा स्थिर आहे, म्हणजे थोडा हलवला तरी पुन्हा सपाट होत जातो, हे क्रिस्टोडूलू आणि क्लेनरमन यांनी १९९३ च्या पाचशेहून जास्त पानांच्या ग्रंथात दाखवलं, पण हे निर्देशक बाजूला ठेवून. पुढे लिंडब्लाड आणि रोडनियान्स्की त्यांच्याकडेच परतले: मेट्रिकच्या (अवकाशकाळातली अंतरं ठरवणाऱ्या राशीच्या) नाठाळ घटकाला खतपाणी घालणारे घटक स्वतः नीट वागतात, हे त्यांनी हेरलं. तू यांच्यापासून सुरुवात कर. तो ग्रंथ नंतर, नाहीतर धीर खचेल.

आता द्रव्य. वस्तुमान असलेलं तुझं क्षेत्र, म्हणजे क्लाइन-गॉर्डन क्षेत्र, टीच्या दीडाव्या घातानं, म्हणजे जास्त वेगानं, ओसरतं. म्हणून ते सोपं, असं तू लिहिलंयस. तसं नाही. स्केलिंगचं, म्हणजे काळ आणि अंतर एकाच पटीनं ताणणारं, सदिश क्षेत्र तरंगसमीकरणाच्या चालकाशी जुळवून घेतं, पण वस्तुमानाच्या पदाशी त्याचं जमत नाही; दुप्पट वस्तुमानवर्गाचं पद मागे उरतं. नेहमीचं एक हत्यारच गेलं. लोरेन्त्झ बूस्ट (एका निरीक्षकाकडून एकसमान वेगानं जाणाऱ्या दुसऱ्याकडे नेणारे बदल) शाबूत राहतात, म्हणून लोक काळाचे सपाट काप सोडून हायपरबोलॉइडवर, म्हणजे बूस्टनं न बदलणाऱ्या वक्र पृष्ठभागांवर, काम करतात.

कृष्णविवराचं पुढच्या वर्षी पाहू. तोवर तो कागद पुरा करून पाठव. आर-घनाच्या पदातला दोनाचा गुणक तपास. माझ्या हातून पहिल्यांदा तोच निसटला होता.