जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन सर्जन करणार, मग दातांच्या आणि रेडिएशनच्या डॉक्टरांकडे आधीच का पाठवतात?

तुमच्या बाबांना फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पुन्हा पुन्हा न्यावं लागतंय, म्हणून ही चालढकल वाटते, असं तुम्ही लिहिलंय. चालढकल नाही ती. या दोन्ही डॉक्टरांकडे नक्की जा.

दातांचंच घ्या. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा किडकी दाढ काढली तर जखम भरणं अवघड होतं, हाड कुजू शकतं. म्हणून काढायची ती दाढ आधीच काढतात. शिवाय ऑपरेशननंतर रेडिएशन लागलंच, तर ते साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. दातांचं काम तेव्हा काढलं तर तेवढा वेळ हातात राहत नाही. म्हणूनच रेडिएशनच्या डॉक्टरांकडेही आधीच पाठवतात.

कॅन्सर मानेतल्या लसिका ग्रंथींत पसरू शकतो; त्या पहिल्याच ऑपरेशनला काढणार का, हे सर्जनना आवर्जून विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच ऑपरेशनला या ग्रंथी काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, मानेत गाठ येईपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. फरक मोठा आहे.

गिळण्या-बोलण्याच्या थेरपिस्टनाही ऑपरेशनआधीच भेटा. आणि बाबांना तंबाखू असेल तर ती आजच बंद करा.