परदेशात करिअर करायचं असेल तर मेकॅनिकलला सांगलीचं जुनं कॉलेज घ्यावं की पुण्यातलं परदेशी टाय-अपवालं खासगी विद्यापीठ?

तुम्ही लिहिलंय की मुलीला पुढे जर्मनीला जायचंय आणि पुण्याच्या विद्यापीठाचा माणूस "दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे" म्हणतोय. त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले.

२०११ साली हेच वाक्य आमच्या दादाला ऐकवलं होतं. मामा स्वतः ब्रोशर घेऊन मिरजेला आले. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर बर्फ पडलेली लाल विटांची इमारत. आई ते मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा चाळत होती. बाबा म्हणाले, फी झेपायची नाही. मामा म्हणाले, "भाऊजी, सांगलीत शिकून पोरगं फार तर एमआयडीसीत चिकटेल." कर्ज काढलं. तिसऱ्या सेमिस्टरला नोटीस बोर्डावर कागद लागला, परदेशी विद्यापीठाशी असलेल्या कराराची मुदत संपली म्हणून. मुलं विचारायला गेली तर प्रवेशाच्या फॉर्मवरचं बारीक अक्षर दाखवलं: "उपलब्धतेनुसार". दादाने डिग्री तिथेच पूर्ण केली. कर्जाचे हप्ते आत्ता कुठे संपले. मामा अजून लग्नकार्यात भेटले की म्हणतात, त्याचं नशीब. यात नशिबाचा काही संबंध नाही. कराराची प्रत बघायला कोणी मागितलीच नाही.

माझ्या वेळी मामांनी ब्रोशर आणलं नाही, मुलीला सांगली बास म्हणाले. मी रोज सिटी बसने जाऊन शिकले. २०१७ ला मास्टर्सचे अर्ज भरायला घेतले तेव्हा कळलं की जर्मन विद्यापीठं आधी विषय मोजतात. गणिताचे क्रेडिट किती, मेकॅनिक्सचे किती, थर्मोडायनॅमिक्सचे किती. त्यांच्या यादीपेक्षा कमी भरले तर चांगले मार्क असूनही अर्ज नाकारला जातो. मला प्रत्येक विषयाचा तपशील सहीशिक्क्यासह हवा होता आणि कॉलेजला मे महिन्याची सुट्टी. थर्मोचे सर स्कूटरवरून आले, त्यांनी डिपार्टमेंट उघडलं आणि चौसष्ट पानांवर एकेक करून सह्या केल्या. जांभळ्या शाईचं पॅड सुकलं होतं, त्यावर पाण्याचे थेंब टाकून शिक्के मारले. दोन तास लागले, सरांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही मला, म्हणाले आधी कुरिअर गाठ. आज मी डॉर्टमुंडला गिअरबॉक्स डिझाइन करते ती त्या चौसष्ट पानांच्या जोरावर. असे सर कुठे आहेत ते त्या कॉलेजच्या मुलांना विचारा, प्लेसमेंटचे आकडे नंतर.

मार्कही राखायला हवेत. सीजीपीए त्यांच्या सूत्राने बदलतात: १० पैकी ८.२ असतील आणि पास होण्याची किमान ग्रेड ४ असेल, तर त्यांच्याकडे १.९ धरले जातात. तिथे १ सर्वात चांगला. प्रवेश घेण्याआधी 'अनाबिन' या त्यांच्या यादीत विद्यापीठाला एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त असा शेरा, आहे का ते बघा. नवीन खासगी विद्यापीठांच्या बाबतीत तर नक्की बघा. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या मुलांना एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, मला लागलं नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला १५०० युरो आहे आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता युरोपबाहेरच्या मुलांना फी लावली आहे. व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं असतं, त्या ब्लॉक्ड अकाउंटला सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. जर्मन भाषा दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करू द्या. कोर्स इंग्रजीत मिळतो, पण मेकॅनिकलची नोकरी बहुतेक ठिकाणी जर्मनशिवाय मिळत नाही.

हे सगळं मास्टर्सच्या वाटेबद्दल झालं. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया मनात असेल तर कोर्सला एनबीएची, म्हणजे कोर्सना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, टियर-१ मान्यता आहे का ते बघा. एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायचा देशादेशांतला करार म्हणजे वॉशिंग्टन अकॉर्ड; भारत २०१४ पासून त्याचा पूर्ण सदस्य आहे, पण त्यात टियर-१ चेच कोर्स धरतात. आणि सगळेच टाय-अप खोटे नसतात, नीट चालणारेही आहेत.

म्हणून पुण्याला जायचंच ठरलं तर कराराची प्रत मागा. मुदत कधीपर्यंत, कुठले क्रेडिट तिकडे धरतात, गेल्या वर्षी किती मुलं प्रत्यक्ष गेली हे विचारा आणि त्यांतल्या दोघांशी स्वतः बोला. प्रत देत नसतील तर पैसे भरू नका, घरातलं मोठं माणूस कितीही आग्रह करत असलं तरी.