सोलापुरात पहिल्यांदा कामासाठी मुक्काम? हे बघून घे

मुंबईहून वंदे भारतने येणार असशील तर पोचायलाच रात्रीचे साडेदहा वाजून जातात, म्हणून आधी हॉटेलला फोन कर आणि सांग की लेट चेक-इन आहे, रूम दुसऱ्याला देऊ नका, आणि फोनवरच विचार की चेकआउट २४ तासांचा आहे का दुपारी १२ चा, कारण दोन्ही प्रकार चालतात आणि १२ वाला असेल तर रात्री येऊन पूर्ण दिवसाचं भाडं जातं. स्टेशनजवळ राहणं सोयीचं, पण रूम मागच्या बाजूची माग, नाहीतर रात्रभर हॉर्न ऐकत बसशील. लग्नसराईत हॉटेलखाली हॉल आहे का तेही विचार, बँडवाल्यांना तुझ्या सकाळच्या मीटिंगशी काही घेणंदेणं नसतं.

रूममध्ये गेल्यावर बॅग उघडायच्या आधी एसी, फ्लश, गीझर चालवून बघ. काही ठिकाणी गरम पाणी फक्त सकाळी ठरलेल्या वेळेतच. उन्हाळ्यात एसी नीट नसेल तर सरळ रूम बदलून माग, लाजू नको, ४२-४३ डिग्रीत लाजून काय मिळणार?

आयडीसाठी पॅन चालत नाही, पत्ता नसतो त्यावर. आधारची झेरॉक्स ठेव, मास्क्ड (नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं) असेल तर उत्तम. कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर चेक-इनलाच लिहून दे, निघताना बिल बदलायला कोणी तयार नसतं.

नाश्ता बऱ्याच ठिकाणी फुकट असतो, पोहे-इडली ठीकठाक. रात्री मात्र बाहेर पड, कडक भाकरी आणि शेंगा चटणी खा.