शाळा सुटल्यावर थांबवून ठेवण्याची शिक्षा विद्यार्थी मिळून बदलू शकतात का?

तुझ्या शाळेत महिन्यात तीनदा उशीर झाला किंवा गृहपाठ राहिला की सुटल्यावर पाऊण तास थांबवून ठेवतात, आणि हा नियम मुलांना बदलून घेता येईल का, सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलंयस. नववीत आहेस असं लिहिलंयस म्हणून 'तू' म्हणतो. एकवीस वर्षं गणित शिकवतोय, बँकेतल्या साहेबालाही कधीकधी 'तू' निघून जातं तोंडातून.

बदलून घेता येतो. आमच्याकडं कोल्हापुरात पोरांनीच बदलून घेतला, आणि त्या शिक्षेची वही ज्याच्या ताब्यात होती तो मास्तर मीच. त्यामुळं पलीकडच्या बाजूनं सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. सुटल्यावर थांबवून ठेवण्याला इंग्रजीत 'डिटेन्शन' म्हणतात, पण तो शब्द टाकून इंटरनेटवर शोधलंस तर भलतंच सापडेल. आपल्याकडं कायद्याच्या भाषेत डिटेन्शन म्हणजे मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवणं, सरळ मराठीत नापास करणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नं आठवीपर्यंत ते बंद केलं होतं, २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीपुरती वाट पुन्हा मोकळी झाली. वर्तमानपत्रात वाद असतात ते त्यावरचे. तुझं दुखणं कलम १७ च्या जवळचं आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना ते कलम बंदी घालतं. त्यातसुद्धा कायद्यानं मूल म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं, त्यामुळं नववी-दहावीतली बरीच पोरं वयानं बाहेर पडतात. आणि पाऊण तास बाकावर बसवणं हा छळ आहे, असं म्हणत मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरलास तर हरशीलच, वर मनात अढी बसेल ती वेगळी. कायदा माहीत असू दे. हातात घेऊन जायची वस्तू दुसरी आहे, ती म्हणजे वही.

आमच्या शाळेत छडी गेली आणि तिच्या जागी ही थांबायची शिक्षा आली. चित्रकलेच्या वर्गात पोरं बसायची, मी पेपर तपासत बसायचो. सुरुवातीला 'मी उशिरा येणार नाही' पन्नास वेळा लिहून घ्यायचो, पुढं तेही बंद केलं, कारण ते वाचायचा मलाच कंटाळा यायला लागला. वहीत तारीख, नाव, वर्ग, कारण, माझी सही. झालं. शिस्त लागते आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, मीही नाही. नावं मात्र तीच तीच यायची. मला वाटायचं, ही पोरंच तसली.

एका वर्षी शालेय मंत्रिमंडळातली दहावीची तिघं आली, दोन मुली आणि एक मुलगा. म्हणाली, "सर, ती वही जरा बघू द्या की." मी नाही म्हणालो. दुसऱ्यांची नावं होती त्यात, ती वर्गात फिरली असती. दोन दिवसांनी पुन्हा आली, म्हणाली, नावाचा रकाना झाकून द्या, आम्हाला फक्त वार, वर्ग आणि कारण पाहिजे, आणि पोरगं गावाकडनं येतं की पेठेतलं, एवढं तुम्ही बाजूला पेन्सिलनं लिहा. आता याला नाही कसं म्हणणार? जून ते सप्टेंबरची पानं मी नावांवर कागदाची पट्टी लावून दिली.

त्यांनी जे केलं ते तुझ्या पुस्तकातच आहे. सांख्यिकीचा धडा, वारंवारता सारणी, ताळ्याच्या खुणा. चार उभ्या, पाचवी आडवी. मी वर्षानुवर्षं ती सारणी मुलांच्या उंचीवर आणि क्रिकेटच्या धावांवर शिकवत आलो, आणि माझ्याच वहीवर ती कधी लावून बघितली नव्हती.

निघालं ते असं. उशिराच्या नोंदींत पेठांमधली पोरं थोडी, नदीपलीकडच्या गावांतली जास्त. सगळी एकाच गाडीची. ती गाडी वेळेवर आली तर पोरं परिपाठाला हजर, नाही आली तर प्रतिज्ञा संपल्यावर फाटकात. गृहपाठाच्या नोंदी गुरुवारी फुगलेल्या, कारण बुधवारी तीन विषयांचा गृहपाठ एकदम पडायचा. त्या तीनपैकी एक विषय माझा.

पण खरी गोष्ट या दोन रकान्यांच्या मध्ये होती, आणि ती त्या मुलींपैकी एकीनं पकडली, कारण तिचा चुलतभाऊ त्याच गाडीचा. शाळा पाचला सुटते, गाडी सव्वापाचला. ज्याला पाऊणतास थांबवलं त्याची ती गाडी जाते, पुढची सातला. सातची गाडी म्हणजे घरी आठ. म्हशीची धार राहते, डेअरीला दूध घालायची वेळ टळते, बाप तापलेला असतो, जेवण होईतो नऊ. त्या रात्री गृहपाठ होत नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं पुन्हा माझ्या वहीत, आता गृहपाठाच्या खाली. मी तारखा ताडून बघितल्या. सोमवारी उशीर, मंगळवारी गृहपाठ. सोमवारी उशीर, मंगळवारी गृहपाठ. शिक्षेतनंच पुढची शिक्षा उगवत होती आणि मी तिच्यावर सही करत होतो. तो चुलतभाऊ नंतर मला म्हणाला, "सर, आम्ही थांबतोय की. गाडी थांबत न्हाई."

म्हणून तुला सांगतो, 'शिक्षा वाईट आहे' इथून सुरुवात करू नकोस. वही माग. नावं झाकून माग. तुमच्या शाळेत कदाचित गाडी नसेल, दुसरंच काही असेल. धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून येणारी एखादी मुलगी असेल, शेवटच्या तासाला कायम वेळेपलीकडं खेचणारे एखादे सर असतील. ते तुला आत्ता माहीत नाही, मला तर नाहीच.

सगळीच पोरं बिचारी होती असं समजू नकोस. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की दुपारचे शेवटचे दोन तास वर्ग अर्धा रिकामा. पाटाकडील आणि बालगोपाल हे आमच्याकडचे दोन फुटबॉल संघ समोरासमोर असले म्हणजे शाहू स्टेडियमवर कोण कोण सापडेल हे आमच्या शिपाईमामांनासुद्धा पाठ. या पोरांना थांबवलं तर ती खूष असायची, सगळी टोळी एका जागी, दुसऱ्या दिवशीच्या मॅचची चर्चा. शिक्षेचा त्यांच्यावर काडीचा परिणाम नव्हता. म्हणजे ज्यांचा दोष कमी त्यांना ती जड, ज्यांचा जास्त त्यांना सहल.

मग नवा नियम लिहायचं ठरलं, आणि इथं मला धक्का बसला. पोरांचा पहिला मसुदा आमच्यापेक्षा कडक! उशीर झाला तर ग्राउंडला पाच फेऱ्या, गृहपाठ राहिला तर दहा रुपये दंड, तिसऱ्यांदा पालकांना बोलावणं. मी विचारलं, अरे, सोपं करायला निघाला होता ना? तर म्हणाली, "सर, सोपं ठेवलं तर मोठे सर ऐकणार न्हाईत." मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. तुमच्याकडंही असं होईल, लक्षात ठेव. नियम करायला बसलेलं पोरगं पहिल्यांदा मास्तरासारखंच बोलतं, कारण त्याला नियम म्हणजे काय ते तेवढंच माहीत असतं.

फेऱ्या मी काढायला लावल्या, तिथं मात्र कलम १७ कामाला आलं. दंडावर वाद रंगला. कोणीतरी शाहू महाराजांचा दाखला काढला, की महाराजांनीसुद्धा दंड लावलाच होता. खरं आहे, १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड होता. त्यावर तीच चुलतभावाची बहीण म्हणाली, तो दंड आईबापाला होता, पोराला नव्हता. आणि थोडं थांबून: गावाकडच्या पोराला कोल्हापुरात राहायला जागा नाही म्हटल्यावर महाराजांनी बोर्डिंग काढलं, पोराला रागावत बसले नाहीत. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं. या गावात जयंतीला भाषणं पुष्कळ होतात, मीही दोन-तीन केली आहेत, पण महाराजांचं नाव इतक्या नेमक्या जागी कोणी वापरलेलं मी ऐकलं नव्हतं. दंड तिथंच खोडला.

शेवटी ठरलं ते थोडकंच. गाडीनं येणाऱ्यांची यादी वर्गशिक्षकांकडं राहील, त्यांना गाडीमुळं उशीर झाला तर नोंद होईल पण शिक्षा नाही. राहिलेला गृहपाठ शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून पुरा करायचा, घरी आदल्या दिवशी कळवून. तिथं एक शिक्षक आणि दहावीतली दोन पोरं मदतीला. मोडतोड केली तर ज्यानं मोडलं त्यानं शिपाईमामांबरोबर दुरुस्तीला उभं राहायचं. बुधवारच्या तीन गृहपाठांपैकी एक मी सोमवारवर नेला, तो तर नियमसुद्धा नव्हता, मला आधी सुचायला हवं होतं एवढंच. तास बुडवून मॅचला जाणाऱ्यांचं काय करायचं यावर एकमत झालं नाही ते आजतागायत झालेलं नाही.

आणि वहीत एक रकाना वाढला. 'मुलाचं म्हणणं'. शिक्षा ठरायच्या आधी पोरानं स्वतःच्या हातानं काय झालं ते लिहायचं, एक ओळ का होईना. मला विचारशील तर बाकी सगळं बदललं नसतं आणि हा एक रकाना आला असता तरी चाललं असतं. पहिल्या महिन्यात 'उशीर झाला म्हणून उशीर झाला' असली उत्तरं आली. मग हळूहळू खरं यायला लागलं. एकानं लिहिलं, 'रात्री म्हैस व्याली. रेडी झाली.' त्याच्यापुढं शेरा काय लिहायचा? मी सही केली आणि मधल्या सुट्टीत त्याला खरवसाबद्दल विचारलं.

मोठ्या सरांकडं जातानाची गोष्ट. पोरांनी 'रद्द करा' असं म्हटलंच नाही, 'दिवाळीपर्यंत करून बघू, नाही जमलं तर जुनं चालू' असं म्हटलं. माणसाला परतीची वाट दिसली की तो दोन पावलं पुढं येतो. सोबत एक पालक नेले, शाळा व्यवस्थापन समितीतले. ज्या शाळांना ही समिती लागू आहे तिथं तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तेव्हा तुमच्या समितीत कोण आहे ते शोध, बहुतेक तुझ्याच गल्लीतलं कोणीतरी सापडेल. मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १२ मध्ये आहे आणि भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला, हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो. केबिनमध्ये वाचून दाखवू नकोस, चिडतील.

विरोध झालाच. एक ज्येष्ठ सर म्हणाले, आम्ही छड्या खाऊन शिकलो, काय बिघडलं आमचं? यावर पोरांनी तोंड उघडलं नाही ते शहाणपणाचं केलं. खरी अडचण दुसरीच होती, शनिवारी थांबणार कोण? शिक्षकांनाही घर असतं, त्यात निवडणुकीची कामं, जनगणना, कसले कसले अहवाल. आम्ही चौघांनी पाळी लावली. काही महिने ती कोलमडली आणि शनिवारचा वर्ग नुसता नावाला राहिला, हे लपवत नाही.

दोन वर्षांनी आणखी एक झालं. ती दहावीची पोरं निघून गेली आणि नव्या पोरांना हा रकाना कुठून आला ते माहीतच नव्हतं. बघता बघता सगळ्यांची गाडी चुकायला लागली. शिवाजी पेठेत राहणाऱ्या, शाळेपासून पाच मिनिटांवरच्या पठ्ठ्यानं 'गाडी' लिहिलं होतं. तेव्हापासून जूनमध्ये नवं मंत्रिमंडळ आलं की आधीच्या वर्षाची वही, नावं झाकून, त्यांच्यापुढं टाकतो आणि ताळ्याच्या खुणा पुन्हा करायला लावतो. दर वर्षी एखादी ओळ बदलते.

तू दोन-तीन जण जमव, त्यातला एक तरी वरचेवर थांबवला जाणारा असू दे. आमच्या तिघांत तसा कोणी नव्हता, आणि ती चुलतबहीण नसती तर गाडीचं गणित सुटलंच नसतं. घटक चाचणी आणि गॅदरिंगचे दिवस टाळ, तेव्हा शिक्षकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. वही ज्या सरांकडं किंवा मॅडमकडं असते त्यांनाच पहिल्यांदा विचार, वरती जाऊ नकोस. नाही म्हणाले तर दोन दिवसांनी पुन्हा जा. मीही पहिल्यांदा नाहीच म्हणालो होतो.