वकील न लावता दावा लढवता येईल का?

प्रश्न: आमच्या फ्लॅटमधलं फर्निचरचं काम कंत्राटदाराने अर्धवट सोडलं आणि आता त्यानेच माझ्यावर 3,60,000 रुपयांच्या वसुलीचा दिवाणी दावा लावला आहे. समन्स मिळून 18 दिवस झाले. करारावर सही माझी आहे, पण कामावर देखरेख पतींची होती. वकिलांच्या फीचा आकडा ऐकून आम्ही स्वतःच लढायचं ठरवलं आहे. मी पतींना मुखत्यारपत्र देते, ते कोर्टात बोलतील. दावा धडधडीत खोटा असताना वकील हवाच कशाला?

उत्तर: स्वतःचा दावा स्वतः चालवायला कायद्याची आडकाठी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 3 प्रमाणे पक्षकार जातीने हजर राहू शकतो. तुमचा बेत अडतो तो मुखत्यारपत्रापाशी. त्यावर तुमचे पती हजेरी लावू शकतील, कागद दाखल करू शकतील. पण युक्तिवाद आणि उलटतपास हे वकिलाचं काम. ते वकील नसलेल्या माणसाला करू द्यायचं की नाही, हे ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 32 खाली न्यायालय ठरवतं. तो हक्क म्हणून मागता येत नाही. शिवाय तुम्हाला स्वतःला जे ठाऊक आहे त्याबद्दल मुखत्याराने तुमच्या जागी साक्ष देऊन चालत नाही. जानकी भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पतींनी जे डोळ्यांनी पाहिलं त्याचे ते साक्षीदार होऊ शकतात, आणि माझ्या मते त्यांचा खरा उपयोग तिथेच आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. न्यायाधीशांसमोर तुमचं घर नसतं, फाइल असते. जे फाइलवर नाही ते घडलंच नाही असं धरून पुढे जा. म्हणून तुमची पहिली आणि सगळ्यात मोठी परीक्षा आहे लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची असते. कारणं नोंदवून न्यायालय 90 दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. गप्प बसलात तर ‘नो डब्ल्यू.एस.’चा, म्हणजे लेखी कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा हुकूम होतो, आणि तारखेला गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फा चालतो. तो हुकूम रद्द करून घेता येतो. मात्र सबळ कारण दाखवावं लागतं आणि बहुधा खर्चही भरावा लागतो.

कैफियतीत ‘संपूर्ण दावा खोटा आहे’ एवढं लिहून भागत नाही. समजा, दाव्याच्या परिच्छेद 4 मध्ये लिहिलंय की अमुक तारखेला स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवल्या आणि तुम्ही बाकी रक्कम कबूल केली. इथे दोन विधानं आहेत. ट्रॉल्या बसवल्या असतील तर ते मान्य करा. रक्कम कबूल केली नसेल तर ते वेगळं, स्पष्ट नाकारा आणि नेमकं काय बोलणं झालं ते लिहा. जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते मान्य केलं असं ऑर्डर 8 नुसार धरलं जाऊ शकतं. अर्धवट कामापायी तुम्हाला खर्च पडला असेल तर त्याचा प्रतिदावाही याच टप्प्यावर, कोर्ट फी भरून करायचा.

व्हॉट्सॲपवरच्या संदेशांची नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं. नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ मोबाइल मात्र विकू नका, त्यातलं काही पुसूही नका.

उलटतपासात बहुतेक पक्षकार भांडायला लागतात. ‘तुम्ही काम अर्धवट सोडलंत ना?’ असं विचारलंत की कंत्राटदार ‘नाही’ म्हणेल आणि तेच नोंदवलं जाईल. त्यापेक्षा त्याचंच बिल त्याच्यापुढे धरा. दारांचं पॉलिश कुठल्या तारखेला झालं, मजुरांना पैसे दिल्याच्या पावत्या कुठे आहेत, एवढंच विचारा आणि थांबा. हे थांबणं भल्याभल्या वकिलांनाही जमत नाही.

फी हीच अडचण असेल तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढं मात्र पाहिलं जातं. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. 15100 या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. तरीही स्वतःच लढायचं असेल तर निदान कैफियत तरी वकिलाकडून तयार करून घ्या. तेवढ्याच कामाची फी पूर्ण दाव्यापेक्षा बरीच कमी पडते.

तुमच्या हाती जेमतेम 12 दिवस आहेत. समन्स, दाव्याची नक्कल, करार आणि पैसे दिल्याच्या बँकेच्या नोंदी घेऊन उद्याच विधी सेवा कार्यालयात जा. तारखेपर्यंत वकील नेमून झाला नाही तर पुकारा होण्याआधी कोर्टात हजर राहा आणि कैफियतीसाठी मुदत मागणारा लेखी अर्ज द्या. ‘विधी सेवेकडे अर्ज केला आहे’ असं त्यात नमूद करा आणि त्या अर्जाची पोच सोबत जोडा.