प्रायोगिक मानसशास्त्र शिकायचंय, पण कुठे?

यंदा कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांत समुपदेशनाच्या कोर्सइतकीच विचारणा प्रायोगिक मानसशास्त्राची, म्हणजे मनाचे व्यवहार प्रयोग करून तपासणाऱ्या शाखेची आहे. मला याचा मनापासून आनंद आहे, म्हणून हा पूर्ण स्तंभ त्यालाच देते. आधी पत्रातला प्रश्न, मग माझं उत्तर.

मी रत्नागिरीत टी.वाय.बी.ए.ला आहे. प्रॅक्टिकलला स्मृती आणि अवधानाचे प्रयोग केले, तेव्हापासून हेच पुढे करावंसं वाटतं. पण ‘एम.ए. प्रायोगिक मानसशास्त्र’ असा कोर्स कुठेच सापडत नाही.

त्या नावाने शोधत राहिलीस तर हाती फारसं लागणार नाही. खरं तर आपल्याकडे हा विषय विद्यापीठात शिरला तोच प्रयोगशाळेच्या दारातून. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली जो विभाग सुरू झाला तो प्रायोगिक मानसशास्त्राचा होता आणि त्याची धुरा हार्वर्डहून शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे होती. आज मात्र एम.ए.ची बहुतेक मुलं क्लिनिकल, समुपदेशन नाहीतर औद्योगिक शाखेकडे जातात आणि प्रयोग उरतात ते जर्नल पूर्ण करण्यापुरते.

तुला हवं ते शिक्षण आता बरंचसं कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे स्मृती, अवधान, विचार यांचा अभ्यास करणारं शास्त्र, या नावाखाली मिळतं. अलाहाबाद विद्यापीठाचं सेंटर ऑफ बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस, आयआयटी गांधीनगरचं एम.एस्सी. आणि आयआयटी कानपूरचा स्वतंत्र विभाग, ही तीन नावं आधी बघ. घरापासून इतकं लांब जाणं जमणार नसेल तर मुंबई किंवा पुण्यात मानसशास्त्राचं एम.ए. कर, पण प्रबंधासाठी प्रयोग करणारा गाईड मिळेल याची खात्री प्रवेशाआधी करून घे. ती कशी करायची? विभागातल्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध उघडायचे आणि फक्त ‘पद्धती’ हा भाग वाचायचा. सगळीकडे प्रश्नावल्याच भरून घेतलेल्या दिसल्या, तर विभाग कितीही नावाजलेला असला तरी तो तुझ्यासाठी नाही. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला फोन करून हेही विचार, की डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती येतं, की कपाटातच असतं.

मुलगी म्हणते, यातच पीएच.डी. करणार. आमची देवगडला कलमं आहेत, या शिक्षणातलं आम्हाला काही कळत नाही. चेडवाक नोकरी खंय गावतली?

काका, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून आधी जे मिळणार नाही ते सांगते. या पदवीवर रुग्ण तपासता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) मान्य केलेला वेगळा कोर्स आणि तिच्याकडे नोंदणी लागते. दवाखाना काढायचं तिच्या मनात असेल तर रस्ता आत्ताच बदलायला हवा.

तसं नसेल तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळवली की पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, पुढे ४२,००० होतात. म्हणजे शिकताना तुमच्यावर भार पडत नाही. त्यानंतर महाविद्यालयात अध्यापन आहे. संरक्षण खात्याची मानसशास्त्रीय संशोधन संस्था दिल्लीत आहे. मोबाईल ॲप लोक कसं वापरतात, कुठे अडतात, हे तपासायला कंपन्या माणसं घेतात आणि तिथे प्रयोगाची शिस्त असलेल्याला मागणी असते. हे सगळं देवगडात मिळणार नाही, मुलीला बाहेर राहावं लागेल, हेही आताच धरून चाला. एम.फिल. आता बंद झालं आहे, त्यात वर्षं घालवायचा प्रश्नच नाही. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास झालेल्यांना तर एम.ए.शिवायही पीएच.डी.ला अर्ज करता येतो.

चिपळूणला बँकेत नोकरी करते. घर, मुलं सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करता येईल का?

नाही, ताई. २०२५-२६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. कोणी ‘घरबसल्या पदवी’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

अलिबागहून लिहितोय. अमेरिकेत एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजीत आधी मास्टर्स करावं की थेट पीएच.डी.?

तिथे या नावाचे दोन्ही कोर्स आहेत. मास्टर्स साधारण दोन वर्षांचं, प्रबंधासह आणि बहुधा स्वखर्चाने. पीएच.डी.ला पाच वर्षं किंवा थोडी जास्त, पण बऱ्याच ठिकाणी फी माफ असते आणि वर्ग घेण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाचे पैसे मिळतात. पदवीनंतर थेट अर्ज चालतो, मात्र आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं मानत नाहीत, हे आधी विचारून घे. संशोधनाचा अनुभव नसेल तर कर्ज काढून मास्टर्सला जाण्यापेक्षा इथल्या एखाद्या प्रयोगशाळेत वर्षभर सहायक म्हणून काम कर, असंच मी सांगेन. तिथे प्रवेश बहुतेकदा एका विशिष्ट प्राध्यापकाच्या हाताखाली मिळतो. त्यांना यंदा विद्यार्थी घ्यायचा आहे का, ते ईमेलने विचार. अर्ज बहुतांशी डिसेंबरात बंद होतात.

मालवणला बी.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. मला हा विषय घेता येईल का? आणि यातलं सगळं परदेशातलंच, आपल्याकडे अभ्यासायला काय आहे?

घेता येईल. कॉग्निटिव्ह सायन्सला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, तुझी तर उपयोगीच पडेल.

दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबते. हापूसच्या हंगामात पेट्या भरताना बघ. जुनी जाणती माणसं आंबा हातात घेतात न घेतात तोच तो कुठल्या ढिगात जाणार हे ठरलेलं असतं. कसं ओळखलं, विचारलं तर सांगता येत नाही. अमेरिकेत बिडरमन आणि शिफ्रार यांनी १९८७ मध्ये एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांत नर-मादी ओळखणाऱ्यांवर काम केलं. नेमकं कुठे बघायचं हे नवख्यांना थोडक्यात दाखवल्यावर ते जाणकारांच्या जवळ पोचले. आंब्यात असं होईल का?

समज, साका, म्हणजे हापूसचा गर आतून खराब होण्याचा दोष, ओळखण्याचा प्रयोग घेतला. साका आत असतो, बाहेरून दिसत नाही म्हणतात, तरी काहीजण ओळखल्याचा दावा करतात. शंभर फळांना क्रमांक दे. जाणकार आणि नवख्या, दोघांकडून ‘आहे’ किंवा ‘नाही’ घे, मग फळं काप. नुसतं ‘इतके साके पकडले’ मोजून चालणार नाही. प्रत्येक आंब्याला ‘साका’ म्हणणारा माणूस सगळेच पकडेल! म्हणून चांगल्या फळाला किती वेळा नाव ठेवलं तेही मोजायचं आणि दोन्हींतून खरी पारख काढायची. याला संकेत-शोध सिद्धांत म्हणतात. पुढच्या फेरीत डोळे बांध, त्यापुढच्या फेरीत फक्त फोटो दाखव. पारख हातात आहे, नाकात आहे की नजरेत, ते तेव्हा कळायला लागेल.

फोटो अर्धा सेकंद दाखवून उत्तराचा वेळ मोजायला सायकोपाय आणि आकडेवारीला जास्प, दोन्ही फुकट आहेत. सांख्यिकीची धास्ती असेल तर जास्पपासून सुरुवात कर, आर ही आकडेवारीची संगणकभाषा नंतर शीक. आणि फळं कापण्याआधी बागायतदाराची परवानगी घे, त्यांची किंमतही देऊन टाक.