बार्सिलोनाचे अधिवेशन आणि नवी पेठेतील दुकान

प्रश्न : सोलापुरात नवी पेठेत माझे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. धाकट्या भावाने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली असून, बार्सिलोना येथील मोबाईल वर्ल्ड काँग्रेसला एकदा तरी जावे, असा त्याचा आग्रह आहे. तेथे नेमके काय घडते आणि कर्ज काढून त्याला पाठवणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कर्ज काढून पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मात्र भावाची ओढ चुकीची नाही, म्हणून कारणे सविस्तर देतो.

हे अधिवेशन मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना ‘जीएसएमए’ भरवते. ते पूर्वी फ्रान्समधील कान येथे होत असे आणि २००६ पासून बार्सिलोनात भरते. २०२४ मध्ये तेथे एक लाखाहून अधिक लोक आले होते. तेथील मुख्य व्यवहार सेवा देणाऱ्या कंपन्या आणि टॉवर, नेटवर्क व हँडसेट बनवणारे उद्योग यांच्यात होतो. नेटवर्कची तांत्रिक मानके तेथे ठरत नाहीत. ते काम ‘थ्रीजीपीपी’ या संस्थेच्या कार्यगटांत वर्षभर चालते. शेकडो युरोंचा प्रवेश परवाना, शेंगेन व्हिसा, विमानभाडे आणि त्या आठवड्यात चढलेले हॉटेलचे दर, एवढे सगळे सोसूनही दुरुस्ती करणाऱ्याला तेथे प्रामुख्याने दालनेच पाहायला मिळतील.

तरीही तेथील घोषणा तुमच्या टेबलापर्यंत पोहोचतात. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या चार्जरची पिन वेगळी असे आणि दुकानदाराला दहा प्रकारचे चार्जर ठेवावे लागत, हे तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी २००९ मध्ये याच अधिवेशनात जीएसएमए आणि सतरा कंपन्यांनी २०१२ पर्यंत मायक्रो यूएसबी ही समान पिन आणण्याचे जाहीर केले, आणि पुढे अनेक वर्षे तुमच्याकडे येणाऱ्या फोनांत बदलावा लागणारा चार्जिंग जॅक बहुधा तोच राहिला. आता युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाईप-सी सक्तीचे केले आहे.

भावाने आज खरे लक्ष द्यावे ते ई-सिमकडे, म्हणजे वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच बसवलेल्या सिमकडे. त्याचे तांत्रिक तपशील जीएसएमएच ठरवते आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ मध्ये तर सिमचा ट्रेच नव्हता. ई-सिमची चिप मदरबोर्डवर बसवलेली असल्याने, बोर्ड बदलला की ग्राहकाचे सिम नव्या बोर्डावर आपोआप येत नाही. त्याला आपल्या कंपनीकडून ते पुन्हा सुरू करून घ्यावे लागते. ही गोष्ट फोन उघडण्यापूर्वीच ग्राहकाला सांगितली नाही, तर वाद दुकानातच होणार. असे ज्ञान मिळवण्यासाठी स्पेन गाठण्याची गरज नाही, कारण जीएसएमएची ई-सिमची कागदपत्रे इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

प्रदर्शन डोळ्यांनी पाहायचेच असेल, तर २०१७ पासून दिल्लीत भरणारी इंडिया मोबाईल काँग्रेस आहे. देशात फाईव्हजी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी याच व्यासपीठावरून झाला. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने थेट नवी दिल्लीला जाता येते. तेथे त्याने मोठ्या दालनांत रेंगाळण्यापेक्षा देशी सुटे भाग आणि चाचणी उपकरणे बनवणाऱ्यांना भेटावे. कर्ज काढायचेच झाले, तर ते चांगला मायक्रोस्कोप आणि हॉट एअर स्टेशन (गरम हवेने बोर्डावरील भाग काढण्या-बसवण्याचे यंत्र) यांसाठी काढावे. त्याचे हप्ते दुकानाच्याच कामातून फिटू शकतात.